राखीव दलातील अधिकाऱ्याच्या बढतीची तारीख दुरुस्त कशी करून घ्यावी

अमेरिकेच्या लष्करी राखीव दलांत आणि नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्ये आणि केंद्र या दोघांच्या अखत्यारीतील राखीव दलात, अधिकारी म्हणून सेवा करणाऱ्यांना एक अडचण वारंवार येते. निवड झालेली असते, पद रिकामे असते, राज्याचा आदेशही निघालेला असतो, आणि तरीही केंद्रीय पातळीवर प्रकरण रखडल्यामुळे बढती कित्येक महिन्यांनी लागू होते. उशिरा का होईना, बढती मिळाली यावर अनेक जण समाधान मानतात आणि तारखेचा विषय सोडून देतात. तो सोडू नये. पुढच्या निवड मंडळापुढे नाव केव्हा जाणार, बरोबरीच्या अधिकाऱ्यांत ज्येष्ठता कोणाची आणि मधल्या काळातील वेतनाचा फरक मिळणार की नाही, हे सगळे त्या एका तारखेवर अवलंबून असते. निवृत्तीजवळ आलेल्यांचे नुकसान तर कायमचे होऊ शकते. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरील हुद्द्यावर निवृत्त होण्यासाठी त्या हुद्द्यावर सामान्यतः तीन वर्षांची समाधानकारक सेवा लागते, तर मेजर आणि त्याखालील हुद्द्यांसाठी सहा महिने पुरतात. तीन वर्षांत काही महिने कमी पडले, तर निवृत्तीचा हुद्दा खालचा ठरण्याची वेळ येते.

तारीख दुरुस्तीचा अर्ज लिहिण्यापूर्वी दोन तारखांमधला फरक नीट समजून घ्यावा. ‘डेट ऑफ रँक’ म्हणजे ज्येष्ठता आणि हुद्द्यावरील सेवाकाळ ज्या दिवसापासून मोजतात तो दिवस, आणि ‘इफेक्टिव्ह डेट’ म्हणजे नव्या हुद्द्याचे वेतन ज्या दिवसापासून सुरू होते तो दिवस. बहुतेक आदेशांत दोन्ही तारखा एकच असतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे लक्षातच राहत नाही. अर्जात केवळ पहिली तारीख मागे नेण्याची विनंती केली, तर ज्येष्ठता मिळेल पण थकबाकी मिळेलच असे नाही. म्हणून मागणी दोन्ही तारखांची आणि स्पष्ट शब्दांत करावी.

उशीर नेमका कुठे झाला

नॅशनल गार्डच्या अधिकाऱ्याची बढती दोन सत्तांच्या हातून जाते. आधी राज्य आपल्या आदेशाने बढती देते. मग प्रकरण नॅशनल गार्ड ब्युरो या केंद्रीय कार्यालयाकडे जाते, तिथे छाननी होते, नावे ‘स्क्रोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यादीत चढतात, ती यादी संरक्षण खात्याच्या वरच्या पातळीवर मंजूर होते आणि शेवटी केंद्रीय मान्यतेचा, म्हणजे ‘फेडरल रेकग्निशन’चा आदेश निघतो. टायटल १० म्हणजे अमेरिकी कायदेसंहितेचा सैन्यदलांविषयीचा भाग; त्यातील कलम १४३०८ नुसार बढतीची तारीख सामान्यतः ही मान्यता मिळाल्याची तारीखच असते. त्यामुळे मधल्या प्रत्येक टेबलावरचा उशीर अधिकाऱ्याच्या खात्यावर पडतो. याच कलमात पुढे एक महत्त्वाची सोय आहे. ब्युरोने प्रस्ताव पूर्ण मानल्यापासून मान्यतेला शंभर दिवसांहून अधिक लागले आणि तो विलंब अधिकाऱ्याच्या कृतीमुळे किंवा निष्क्रियतेमुळे झालेला नसेल, तर १ जानेवारी २०२४ पूर्वीच्या राज्य बढतीसाठी संबंधित दलाच्या सेक्रेटरीला, म्हणजे त्या दलाच्या नागरी प्रमुखाला, ती तारीख मागे नेता येते. मात्र ती राज्याच्या बढतीच्या तारखेच्या मागे जाऊ शकत नाही. त्या दिवसापासूनच्या राज्य बढत्यांसाठी ब्युरोने प्रस्ताव पूर्ण मानल्याचा दिवस आणि वरच्या हुद्द्याच्या पदावर रुजू झाल्याचा दिवस, यांपैकी जो नंतरचा तो सेक्रेटरीने द्यायचा असतो. गार्डमधील अधिकाऱ्याने आपली मागणी आपल्याला लागू असलेल्या मर्यादेत बसवावी, कारण त्यापलीकडची तारीख मागितली की खरी मागणीही कमकुवत दिसू लागते.

आर्मी रिझर्व्ह, नेव्ही रिझर्व्ह यांसारख्या दलांत राज्याचा टप्पा नसतो. तिथे उशीर बहुधा निवड यादीच्या मंजुरीत, पदावरील नेमणुकीच्या नोंदीत किंवा वैद्यकीय तपासणी आणि सुरक्षा मंजुरीच्या अद्ययावत न झालेल्या नोंदींत सापडतो.

एक गोष्ट आधीच तपासावी. चौकशी प्रलंबित असल्यामुळे किंवा प्रतिकूल माहिती समोर आल्यामुळे बढती रोखून धरली असेल, तर तो प्रशासकीय दिरंगाईचा विषय राहत नाही, त्याला कलम १४३११ लागू होते. तरीही चौकशीतून निर्दोष सुटलेल्या अधिकाऱ्याने निराश होऊ नये. विलंब झालाच नसता तर जी तारीख, जे वेतन आणि यादीतील जे स्थान मिळाले असते, तेच त्याला बढतीनंतर मिळावे, अशी तरतूद त्याच कलमात आहे. त्या काळात अधिकारी बढतीस अपात्र होता असे सेक्रेटरीने ठरवले असेल, तरच तिला अपवाद होतो.

तारखांचा तक्ता

संपूर्ण प्रकरणाचा कणा म्हणजे तारखांचा तक्ता, आणि माझ्या मते अर्जासाठी लागणाऱ्या वेळातला निम्म्याहून अधिक वेळ त्यावरच द्यावा. लष्करी नोंदींतील चुकांच्या अर्जांवर निर्णय देणारे दुरुस्ती मंडळ प्रशासनाचे काम नियमानुसार झाले असे गृहीत धरूनच सुरुवात करते, आणि ते तसे झाले नाही हे पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. ‘माझ्या प्रकरणाला फार उशीर झाला’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रकरण कोणत्या दिवशी कोणाकडे होते, हे कागदाने दाखवावे लागते.

समजा, एका कॅप्टनचा मेजरपदाचा राज्य आदेश १ मार्च २०२३ चा आहे. पूर्ण प्रस्ताव २० मार्चला ब्युरोकडे गेला. १५ मे रोजी वैद्यकीय नोंद जुनी असल्याचा शेरा मारून तो परत आला, २२ मे रोजी दुरुस्त होऊन पुन्हा गेला, आणि केंद्रीय मान्यतेचा आदेश १८ जानेवारी २०२४ ला निघाला. आता प्रत्येक अंतराचा धनी कोण, हे लिहायचे. १५ ते २२ मे हा आठवडा अधिकाऱ्याच्या नोंदीमुळे गेला, असे कोणीही म्हणू शकेल, तेव्हा तो स्वतःहून मान्य करावा किंवा प्रस्ताव पाठवतेवेळी ती नोंद वैध होती हे तिच्या प्रतीने सिद्ध करावे. २२ मे ते १८ जानेवारी हे जवळजवळ आठ महिने मात्र पूर्णपणे कार्यालयांचे आहेत, आणि अर्जाचे वजन तिथेच आहे. आपल्याकडच्या उशिराचा उल्लेख टाळण्याचा मोह होतो. पण मंडळाला तो दिसतोच, आणि लपवलेला एक आठवडा बाकीच्या आठ महिन्यांवरचा विश्वास कमी करतो.

तक्त्यातील प्रत्येक ओळीला एक जोडपत्र असावे: राज्याचा आदेश, प्रस्ताव पाठवल्याची ईमेल, त्रुटीचा शेरा, पुन्हा सादर केल्याची पोच, प्रणालीतील स्थितीची तारखेसह छापील प्रत आणि मान्यतेचा आदेश. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ज्या कार्यालयात उशीर झाला त्याच कार्यालयातील किंवा राज्याच्या मनुष्यबळ विभागातील जबाबदार अधिकाऱ्याचे सही केलेले पत्र, ज्यात विलंब अधिकाऱ्यामुळे झाला नाही असे स्पष्ट म्हटलेले असेल. असे पत्र संबंधित माणसे बदलून जाण्याआधीच मिळवावे. बदल्या झाल्या की प्रकरण आठवणारेही कोणी उरत नाही.

अर्ज

दुरुस्ती मंडळाकडे जाण्यापूर्वी खालच्या पातळीवरचे मार्ग वापरून पाहणे अपेक्षित असते. त्यामुळे आधी आपल्या युनिटमार्फत राज्य मुख्यालयाकडे आणि ब्युरोकडे, किंवा आपल्या दलाच्या मनुष्यबळ केंद्राकडे लेखी विनंती करावी. आदेशातील साधी चूक तिथेच सुटते. नकार आला तर तोही लेखी घ्यावा, कारण पुढच्या अर्जाला तोच जोडायचा असतो.

त्यानंतरचा मार्ग टायटल १० च्या कलम १५५२ चा आहे. नोंदीतील चूक दुरुस्त करण्यासाठी किंवा अन्याय दूर करण्यासाठी सेक्रेटरी नागरी सदस्यांच्या मंडळामार्फत लष्करी नोंद बदलू शकतो. आर्मीचे मंडळ वेगळे आहे, नेव्ही आणि मरीन कोअरचे एकत्र आहे, एअर फोर्सचे मंडळ स्पेस फोर्सची प्रकरणेही पाहते, आणि कोस्ट गार्डचे मंडळ होमलँड सिक्युरिटी खात्याच्या अखत्यारीत येते. अर्ज डीडी फॉर्म १४९ वर करायचा असतो. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत तो दाखल व्हावा. न्यायाच्या हितासाठी मंडळ उशीर माफ करू शकते, पण त्या भरवशावर थांबू नये.

फॉर्ममधील विनंती एका वाक्यात बसवावी: ‘माझ्या मेजरपदाची डेट ऑफ रँक आणि इफेक्टिव्ह डेट १८ जानेवारी २०२४ ऐवजी अमुक तारीख करावी आणि त्यानुसार देय वेतन व भत्ते द्यावेत.’ ‘योग्य ती तारीख द्यावी’ असे मोघम लिहिले, तर ती ठरवण्याचे काम मंडळावर पडते. विलंब नसता तर मान्यता कधी मिळाली असती, हे त्याच काळात निवडल्या गेलेल्या इतर अधिकाऱ्यांच्या आदेशांवरून दाखवता आल्यास उत्तम, मात्र त्यांची वैयक्तिक माहिती झाकूनच प्रती जोडाव्यात. मंडळांचे जुने निर्णय नावे वगळून इंटरनेटवरील रीडिंग रूममध्ये उपलब्ध असतात. आपल्यासारखी प्रकरणे तिथे शोधून, ती कशामुळे मान्य किंवा अमान्य झाली हे वाचल्याखेरीज अर्ज पाठवू नये.

दुरुस्त तारखेमुळे आपण मागच्याच एखाद्या निवड मंडळापुढे जायला हवे होतो असे दिसत असेल, तर त्याच अर्जात कलम १४५०२ खालील विशेष निवड मंडळाची मागणी जोडावी. पण इथे थोडे थांबून हिशेब करावा. तारीख मागे गेली की पुढच्या हुद्द्याच्या विचाराची वेळही अलीकडे येते, आणि कॅप्टन किंवा फर्स्ट लेफ्टनंट दोनदा निवडला गेला नाही तर त्याला राखीव दलाच्या सक्रिय दर्जाच्या यादीतून बाहेर पडावे लागू शकते. नव्या हुद्द्यावरील मूल्यमापन अहवाल पुरेसे जमलेले नसतील, तर मागे नेलेली तारीख अडचणीचीही ठरते. कर्नल किंवा नेव्हीतील कॅप्टन यांच्या बाबतीत आणखी एक मर्यादा आहे. त्या हुद्द्यांना सिनेटची संमती लागते, आणि ती मंडळ आपल्या अधिकारात देऊ शकत नाही.

अर्ज गेल्यावर मंडळ बहुधा संबंधित कार्यालयाचा सल्लागार अभिप्राय मागवते आणि त्याची प्रत अर्जदाराला पाठवते. हा टप्पा हलक्यात घेऊ नये. अभिप्राय विरोधात असेल तर पत्रात दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्यावे, आणि अनुकूल असेल तरी सहमतीचे दोन ओळींचे पत्र पाठवावे. प्रत्यक्ष सुनावणी हा हक्क नसल्याने बहुतेक निर्णय कागदांवरच होतात. वकील स्वखर्चाने नेमता येतो. दहापैकी नऊ प्रकरणे दहा महिन्यांत आणि सर्वच प्रकरणे अठरा महिन्यांत निकाली काढावीत असा कायद्याचा दंडक आहे, तेव्हा आठवड्याआड विचारणा करण्यात अर्थ नाही. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याच्या कार्यालयामार्फत स्थिती विचारता येते, निर्णय बदलता येत नाही.

अर्ज फेटाळला गेला, तर पूर्वी मंडळापुढे न आलेला पुरावा घेऊन फेरविचार मागता येतो, आणि त्याला कालमर्यादा नाही. वेतनाच्या थकबाकीसाठी कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सकडे जाण्याची मुदत मात्र सहा वर्षांची आहे, आणि मंडळापुढे अर्ज प्रलंबित असला म्हणून ती थांबत नाही. मोठी रक्कम अडकलेली असेल, तर वकिलाचा सल्ला सुरुवातीलाच घ्यावा.

निर्णय बाजूने लागल्यावर नवा आदेश आपल्या सेवा अभिलेखात चढला का, जुना आदेश रद्द झाला का आणि संरक्षण लेखा कार्यालयाने काढलेला फरक प्रत्येक ड्रिल (राखीव दलाचे ठरावीक प्रशिक्षण) आणि सक्रिय सेवेच्या दिवसांशी जुळतो का, हे स्वतः ताडून पाहावे. त्यासाठी मधल्या काळातील सर्व वेतनपत्रके जपून ठेवलेली असावीत.