आमिश प्रेमकथेत जोडी जुळवायची तर

आमिश म्हणजे अमेरिकेतला, साधेपणानं राहणारा आणि घोडागाडी वापरणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीत कथा घडणार असेल, तर नायक-नायिकेची पहिली गाठ रविवारी संध्याकाळी, तरुणांच्या गाण्याच्या बैठकीत घाला. मी तरी तिथूनच सुरुवात करते. लांब टेबलाच्या एका बाजूला मुलगे, समोर मुली, मधे स्तोत्रांची पुस्तकं. साधारण १६व्या वर्षापासून इथं येता येतं. खरा प्रसंग मात्र गाणी संपल्यावरचा. तो विचारतो, "घरी सोडू का?" आणि ती त्याच्या घोडागाडीत चढते. या परतीच्या वाटेवर अजिबात घाई करू नका. अंधार, टापांचा आवाज, दोघांमधलं अवघडलेपण, सगळं सावकाश येऊ द्या.

आईवडील स्थळ ठरवत नाहीत, निवड त्या दोघांचीच. पण लग्नाआधी दोघांचाही बाप्तिस्मा (इथं तो मोठेपणी, स्वतःच्या मर्जीनं घेतलेली पंथाची दीक्षा) झालेला हवा, आणि कथेचा पेच मला इथंच सापडतो: बाप्तिस्म्यानंतर पंथ सोडला तर बहिष्कार, आधी सोडला तर नाही.

अंगठी नको. लग्न परंपरेनं सुगीनंतर, बहुधा मंगळवारी किंवा गुरुवारी, आणि चर्चमध्ये जाहीर होईपर्यंत गुपित. लग्नाच्या जेवणात सेलरी ही भाजी भरपूर लागते, म्हणून वाफ्यात ती नेहमीपेक्षा जास्त दिसली, की शेजारणीला सुगावा लागतोच. दाढी लग्नानंतरची, मिशी कधीच नाही. मुखपृष्ठावरच्या अविवाहित नायकाला दाढी चढवू नका.