खांद्याजवळचं हाड मोडलं तर: झोळी किती दिवस, हालचाल कधी

साठीनंतर बाथरूममध्ये पाय घसरून हातावर पडलं की अनेकदा दंडाच्या हाडाची मान मोडते. ही मान म्हणजे खांद्यातल्या गोल डोक्याच्या लगेच खालचा भाग. तरुण माणूस दुचाकीवरून खांद्यावर आपटला तर हासळी मोडते आणि कातडीखाली उंचवटा हाताला लागतो. पाठीवरचा फरा मोडायला फार जोराचा मार लागतो. तो मोडला असेल तर बरगड्या आणि फुप्फुसंही तपासायलाच हवीत. पुढची माहिती दंडाच्या हाडाबद्दल आहे.

बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा, कारण सूज खाली उतरून बोटांपर्यंत येते. कोपर काटकोनात ठेवून ओढणीची झोळी करा आणि दुसऱ्या ओढणीने हात छातीशी सैलसर बांधा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं. तेल लावून चोळू नका, हाड ओढून बसवायला कुणाला देऊ नका. घट्ट बांधलेल्या कामट्यांनी रक्तपुरवठा थांबला तर हात गमवावा लागू शकतो.

बोटं गार किंवा पांढरी पडली, मनगट वर उचलता येईना, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला किंवा मोडलेल्या जागी जखम असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

एक्स-रे समोरून एकच काढून भागत नाही. बाजूने आणि काखेतूनही लागतो. फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा दुखावला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. अशा वेळी खांदा मागे निखळतो आणि समोरच्या फोटोत ते सहज नजरेतून सुटतं.

बहुतेकांचे तुकडे फारसे सरकलेले नसतात, त्यांना झोळी पुरते. तुकडा 1 सेंटीमीटरहून जास्त सरकला किंवा 45 अंशांहून जास्त वळला, तर तो सरकलेला धरतात. पण म्हणून ऑपरेशन हवंच असं नाही. ब्रिटनमध्ये अशा 250 रुग्णांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर ऑपरेशनवाले आणि झोळीवाले जवळजवळ सारखेच होते. सांधाही निखळला असेल, हाडाचं गोल डोकं फुटलं असेल किंवा रक्तवाहिनी दुखावली असेल, तर गोष्ट वेगळी.

झोळी साधारण 2 ते 3 आठवडे. आडवं झोपलं की तुकडे हलून कळा येतात, म्हणून सुरुवातीला पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपा आणि कोपराच्या मागे एक उशी सारा. समोरून उघडणारा सदरा किंवा ब्लाऊज घ्या. घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. काख धुवायला पुढे वाका, हात आपोआप सुटा लोंबतो. ती पुसून कोरडी ठेवा, नाहीतर कातडी सोलवटते. चार-पाच दिवसांत जांभळा डाग कोपरापर्यंत आणि छातीवर उतरतो; त्याला घाबरू नका.

खरी हानी बहुधा पुढे होते. हाड जुळतं, पण भीतीपोटी दोन-दोन महिने झोळी न सोडल्याने खांदा आखडतो आणि वेणी घालायलाही हात वर जात नाही. म्हणून बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, डॉक्टरांनी होकार दिला की लंबकाचा व्यायाम: चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात ढिला सोडा आणि अंग डोलवून बशीएवढी वर्तुळं काढा. दोन्ही दिशांना 10-10, दिवसातून तीन-चार वेळा. हात स्वतःच्या जोरावर फिरवायचा नाही. साधारण 6 आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाड धरलेलं दिसलं की हात स्वतःच्या ताकदीने उचला. भरलेली बादली, गाडी चालवणं 12 आठवड्यांच्या आत नको.

तंबाखू, मिश्री, विडी या काळात पूर्ण बंद ठेवा, निकोटिनने हाड जुळायला उशीर लागतो. आणि उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झालेली असण्याची दाट शक्यता असते. झोळी सुटायच्या आत डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी करून औषध सुरू करायचं का ते विचारा. पुढच्या पडण्यात खुबा मोडू शकतो.