कॅथलॅबमध्ये भूल देताय? या चुका टाळा

कॅथलॅबमध्ये, म्हणजे बारीक नळ्या घालून हृदयाचे उपचार करतात त्या खोलीत, 'छोटीशी प्रोसिजर आहे, थोडं सेडेशन (गुंगी) पुरेल' हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. पूर्ण भूल दिली तर श्वासाची नळी निदान आपल्या ताब्यात असते. टावीत, म्हणजे जांघेतून महाधमनीची झडप बसवताना, सेडेशनवरचा पेशंट चादरीखाली, डोक्यापाशी सी-आर्म (फिरतं एक्स-रे यंत्र) आणि आपण कोपऱ्यात!

सगळ्यात जास्त घात करतो तो उतावळेपणा. एकदा हाक आली म्हणून धावत गेलो. ऐंशीच्या घरातले आजोबा, झडप अगदी अरुंद. पाय हलवला म्हणून रेसिडेंटने प्रोपोफॉल (झोपेचं इंजेक्शन) दिलं होतं. अर्ध्या मिनिटात झोपले नाहीत म्हणून पुन्हा तेवढंच. अरे बाबा, अशा पेशंटचं रक्त सावकाश फिरतं, औषध मेंदूपर्यंत पोचायलाच वेळ लागतो. दोन्ही डोस एकदम लागले आणि वरचं प्रेशर 60 वर आलं. इथे प्रेशर पडलं की जाड झालेल्या हृदयालाच रक्त पुरत नाही, आणि ते थांबलंच तर छाती दाबूनही अरुंद झडपेतून फारसं काही पुढे जात नाही. प्रेशर वाढवणाऱ्या फिनाइलेफ्रिनवर आजोबा सावरले. मी प्रोपोफॉल 10-10 मिलिग्रॅमने देतो, मध्ये घड्याळ बघतो आणि प्रेशर सांभाळणारं नॉरअॅड्रेनालिन आधीच पंपावर लावून ठेवतो.

कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) न लावता सेडेशन देणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, केस थांबवतो. ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही सॅच्युरेशन बराच वेळ 99 दाखवतं.

झडप फुगवताना हृदय मिनिटाला 180-200 ने पेस करतात, म्हणजे विजेच्या ठोक्यांनी पळवतात. तेव्हा प्रेशर पडणारच, ते मुद्दाम पाडलेलं असतं. घाबरून त्याच क्षणी औषध ढकलू नका. पेसिंग थांबल्यावर प्रेशर उसळतं. पेसिंगच्या आधी ते चांगलं करून घ्या.

डिफिब्रिलेटरचे (हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्राचे) पॅड चादरी घालण्याआधीच चिकटवा.

प्रोटामिन (रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनचा उतारा) सावकाश, आणि कार्डिऑलॉजिस्टला विचारूनच.

हृदयातल्या पडद्याला भोक पाडून डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) गेल्यावर प्रेशर घसरलं, तर सेडेशनला दोष देण्याआधी एको मागवा. हृदयाभोवती रक्त साचलेलं असू शकतं.

क्रायो-अॅब्लेशनमध्ये (हृदयातला बिघाडाचा भाग गोठवताना) फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटल हलवणारी नस) तपासायची असते, तेव्हा स्नायू ढिले करणारं औषध अंगात उरलेलं नको.

आणि पेशंटला जोडायच्या नळ्या लांब घ्या. केस सुरू होण्याआधी टेबल आणि सी-आर्म दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. टेक्निशियन कुरकुरतो, कुरकुरू दे.