संगीतकारांचे चरित्रपट पाहून लिहायला बसता? मग या चुका टाळा

नाट्यसंगीताच्या आणि इतरही मैफलींसाठी लिहिलेली निवेदने तपासून देण्याचे काम मी पुण्यात बरीच वर्षे करतो. हल्ली पहिले पान वाचतानाच लक्षात येते की, लिहिणाऱ्याने पुस्तक उघडले होते की नुसता चित्रपट पाहिला होता. चित्रपट पाहण्याला माझी मुळीच हरकत नाही. पडद्यावर पाहिलेला प्रसंग ‘इतिहास सांगतो की’ अशा थाटात लिहिण्याला मात्र आहे.

यातली सर्वांत ढोबळ चूक म्हणजे समोरची कलाकृती चरित्र आहे की निखळ कल्पित, एवढेही पाहून न घेणे. तीन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका छोट्या सभागृहात कार्यक्रम होता आणि निवेदिका नवखी होती. तिची संहिता माझ्या हाती दुपारी साडेतीनला पडली, म्हणून मी ऱ्हस्व-दीर्घ तेवढे सुधारले आणि ‘छान आहे’ म्हणून परत दिली. मध्यंतरानंतर तिने गोड आवाजात सांगितले, ‘विश्रामपूर संस्थानाचे दरबारगायक पंडित भानुशंकर यांच्या गायकीचा वारसा सांगणारे हे पद.’ तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले, कार्यक्रमपत्रिकेची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि शांतपणे विचारले, ‘ताई, हे विश्रामपूर संस्थान इंग्रजांच्या कोणत्या एजन्सीखाली होते? दख्खनच्या की मध्य भारताच्या?’ पेटीवाल्यांनी भाता झाकून घेतला. निवेदिकेने विंगेकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिले, आणि मी पडद्याची दोरी न्याहाळत उभा राहिलो.

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे १९६७ सालचे नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. २०१५ साली त्यावर चित्रपट आला. त्यातले विश्रामपूर संस्थान, पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब हे तिन्ही लेखकाच्या कल्पनेतले. त्यात खरा माणूस शोधायचाच असेल तर रंगमंचावर खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे ऐकावेत. त्या दिवसापासून मी कोणत्याही संहितेच्या डोक्यावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो : मूळ लेखन कोणाचे, कोणत्या साली, आणि ज्याच्याविषयी लिहिले तो जगला होता का. एवढ्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. तरीही ‘वेळ नव्हता’ हे कारण मला दर महिन्याला ऐकावे लागते, आणि ते सांगणाऱ्याने तोच चित्रपट तीनदा पाहिलेला असतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यात प्रत्येक प्रसंग सुटा पाहिला तर खरा असतो आणि लबाडी असते ती फक्त क्रमात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८ सालचा चित्रपट घ्या. ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा तो चित्रपट. फ्रेडी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणून आपल्याकडच्या मुलांना त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटते. चित्रपटात असे दिसते की फ्रेडीने स्वतंत्र गाण्यांचा करार केला, त्यामुळे ‘क्वीन’ फुटली, कित्येक वर्षे कोणी एकत्र वाजवले नाही, मग फ्रेडीने आपल्याला एड्स झाल्याची बातमी सोबत्यांना दिली आणि १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत सगळे पुन्हा उभे राहिले. आता नुसती साले ओळीने मांडून पाहा. ढोलवादक रॉजर टेलरचा स्वतंत्र अल्बम १९८१ मध्येच येऊन गेला होता. ‘क्वीन’चा अल्बम १९८४ मध्ये निघाला, जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी रिओत लाखोंच्या समोर गायन केले आणि त्यांचा दौरा त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत चालू होता. आजाराचे निदान झाले ते १९८७ मध्ये, असे त्याच्या जोडीदाराने लिहून ठेवले आहे. म्हणजे फूट पडली नव्हती, आणि जिच्या छायेत ती वीस मिनिटे आपण डोळे पुसत पाहतो ती बातमी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. वेम्ब्लीचे गाणे खरे, आजार खरा, १९९१ मधला मृत्यूही खरा. एकामुळे दुसरे घडले हे जे मधले ‘म्हणून’ आहे, ते पटकथाकाराचे.

यावर माझी सवय साधी आहे. चित्रपट पहिल्यांदा वही न घेता पाहावा, कारण रडू आले तर येऊ द्यावे. दुसऱ्यांदा वही घ्यावी आणि डाव्या बाजूला प्रसंग, उजव्या बाजूला साल लिहीत जावे. साल पडद्यावर दाखवले नसेल तर जागा कोरी सोडावी आणि नंतर चित्रपटाबाहेरून भरावी. ‘खरे काय, खोटे काय’ हे दहा मिनिटांत सांगणारे व्हिडिओ पाहून ही वही भरणाऱ्यांनी माझ्याकडे येऊ नये, कारण त्यांतले बरेचसे एकमेकांवरून उतरवलेले असतात.

फसवणूक एकदा कळली की उतावळी मंडळी उलट्या टोकाला जातात आणि जे जे नाट्यमय ते ते खोटे ठरवून मोकळी होतात. ही चूकही तितकीच वाईट. ‘अमेडियस’ या १९८४ सालच्या चित्रपटात एक अनोळखी माणूस मोझार्टकडे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताची मागणी घेऊन येतो. हे नक्कीच रचलेले असणार, असे एका विद्यार्थ्याने मला ठणकावून सांगितले. प्रत्यक्षात ती मागणी नाव लपवूनच आली होती. काउंट वाल्सेग या उमरावाला दिवंगत पत्नीसाठी ती रचना हवी होती आणि ती स्वतःची म्हणून खपवायची होती. मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी गेला आणि अपुरे काम त्याचा सहायक झ्युसमायर याने पुरे केले. खोटे आहे ते त्या मागणीमागे व्हिएन्नाच्या दरबारातला संगीतकार सालिएरी याला उभे करणे. पडद्यावरचा सालिएरी ब्रह्मचारी आणि मत्सराने जळणारा. खऱ्या सालिएरीला पत्नी आणि आठ मुले होती. मृत्यूच्या दोन महिने आधी पत्नीला लिहिलेल्या पत्रात मोझार्ट सांगतो की सालिएरी त्याच्या ऑपेराला आला होता आणि त्याने मनापासून दाद दिली. पुढे मोझार्टचा धाकटा मुलगा ज्यांच्याकडे शिकला, त्यांत सालिएरीही होता.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. ‘सत्य घटनेवर आधारित’ या पट्टीतला ‘आधारित’ हा शब्द वाचावा. पडद्यावरचा ओठ आणि कानावर येणारा गळा एकाच माणसाचा असतो असे धरू नये. २०११ च्या ‘बालगंधर्व’मध्ये अभिनय सुबोध भावे यांचा आहे आणि गाणे आनंद भाटे यांचे. ‘बैजू बावरा’ पाहून तानसेन हरला असे लिहू नये, कारण त्या जुगलबंदीत गायले ते अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर, १९५२ साली, नौशादांच्या संगीत दिग्दर्शनाखाली. घरच्या माणसाने भूमिका केली म्हणजे सगळे डोळ्यांदेखतचे, हाही भ्रम सोडावा; ‘मी वसंतराव’मध्ये आजोबा साकारणारे राहुल देशपांडे हे वसंतराव गेले तेव्हा चार वर्षांचेही नव्हते.

ती निवेदिका आता समासात साले लिहूनच संहिता पाठवते. मागच्या पावसाळ्यात मीच तिला एक परिच्छेद लिहून दिला होता, आणि त्यात बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन खुद्द बालगंधर्वांच्या उपस्थितीत झाल्याचे झोकात म्हटले होते. कागद परत आला तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईची रेघ होती आणि शेजारी लिहिले होते : ‘सर, १९६२ साली त्यांच्या हस्ते झाले ते भूमिपूजन. ते गेले १९६७ मध्ये, उद्घाटन १९६८ चे.’