जुना जपानी तांतो (आखूड खंजीर) खरा की खोटा, आणि किमतीचं काय : नवीन लोकांसाठी

टोकियोत राहायला आलेल्या आपल्या लोकांपैकी ज्यांना जुन्या हत्यारांचा नाद लागतो त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, सही कोणाची आहे? मी इथल्या जाणकारांच्या बैठकांना जातो तिथे नेमकं उलटं चालतं. सही असते नाकागोवर, म्हणजे मुठीच्या आत जाणाऱ्या दांड्यावर, तो झाकूनच पातं हातात देतात आणि नुसतं पोलाद बघून काळ, प्रांत, लोहार सांगा म्हणतात. बरोबर आलं तर 'आतारी'. याला कांतेई म्हणतात आणि माझ्या मते शिकायचा खरा रस्ता हाच. सही सगळ्यात शेवटी वाचायची, कारण खोटं करायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच. मासामुने नि कोतेत्सु या नामांकित लोहारांची नावं इतकी वापरलीत की ती दिसली की आधी संशयच घ्यायचा. आणि खोटी सही म्हणजे गिमेई, ती कालपरवाचीच असेल असं नाही, दोनशे वर्षांपूर्वीही कोणीतरी घातलेली असू शकते, त्यामुळे तिच्यावरही छान जुना गंज चढलेला असतो.

तांतो म्हणजे एक शाकूच्या, साधारण 30 सेंमीच्या आतलं पातं. नेहमीचा साडेआठ सुनच्या आसपास, म्हणजे 26 सेंमीच्या जवळ. बहुतेक हिरा-झुकुरी, म्हणजे बाजू सपाट, मधे कणा नाही.

बघायला एकच पिवळा बल्ब पुरे, ट्यूबलाइटखाली काही कळत नाही. पातं दिव्याच्या दिशेने धरून हळूहळू कोन बदलायचा. धारेच्या वरची जी लहरी रेघ दिसते तो हामोन, पाणी देताना पात्यावर मातीचा लेप कुठे जाड कुठे पातळ असतो त्यातून तो तयार होतो. खऱ्या हामोनच्या कडेला बारीक चमकते कण दिसतात, त्यांना निए म्हणतात, किंवा मग धुक्यासारखा पट्टा असतो तो निओई. ॲसिडने काढलेल्या नकली रेघेत यातलं काहीच नसतं, कुठल्याही कोनातून सारखाच मेलेला पांढरेपणा. इथे नवीन माणूस हमखास फसतो ते वेगळ्याच ठिकाणी, खऱ्या पात्यालाही पॉलिशवाला वरून पांढरी छटा देतो, हादोरी म्हणतात तिला, लोक तिलाच हामोन समजतात, खरा हामोन तिच्या आत शोधावा लागतो. मग टोकाकडे बघा, हामोन टोकात शिरून पाठीकडे वळतो का, टोकातल्या त्या भागाला बोशी म्हणतात. आगीत सापडलेल्या पात्याला पुन्हा पाणी दिलं असेल तर त्याची किंमत धाडकन खाली येते, दिसायला कितीही देखणं असो.

नाकागोचा गंज काळपट तपकिरी, एकसारखा, हाताला गुळगुळीत हवा. लालसर पापुद्रे सुटत असतील तर थांबा. आणि कृपा करून तो कधीही घासू नका, तेल नि ब्रश घेऊन चकचकीत केलेला नाकागो बघितला की इथल्या म्हाताऱ्या लोकांच्या डोळ्यात पाणी येतं, काळाचा पुरावाच पुसला ना.

किमतीचं गणित थोडं विचित्र आहे. लांब तलवार बिनसहीची असली तरी चालून जातं, कारण नंतर ती आखूड करताना सहीचा भाग कापला गेला असेल. तांतो सहसा आखूड करत नाहीत, मग सही का नाही हा प्रश्न उरतोच आणि तेवढी किंमत कमी होते. अपवाद आहेतच, मासामुनेच्या परंपरेतलं बरंच चांगलं काम बिनसहीचंच आहे. दोष सगळे सारखे नसतात. लहान फट, थोडा उघडा पडलेला गाभा, हे जुन्या पात्यात चालवून घेतात. पण धारेला आडवी गेलेली केसाएवढी भेग, हागिरे, असेल तर विषय संपला. नक्षीदार म्यान-मूठ बघून भाळू नका. हाडावर, हस्तिदंतावर कोरीव काम केलेले, मेइजी काळात (1868 ते 1912) परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनवलेले तांतो भरपूर फिरतात, आत पातं अगदीच सुमार.

कागदांत मोठा गोंधळ होतो. तोरोकुशो हा शिक्षण मंडळाचा नोंदणीचा कागद, पातं पारंपरिक पद्धतीचं आहे नि कायदेशीर आहे एवढंच तो सांगतो, सही खरी की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सहीबद्दल बोलतो तो 1948 साली स्थापन झालेल्या निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई या तलवारी जपणाऱ्या संस्थेचा कागद. होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो, तोकुबेत्सु जुयो अशा चढत्या पायऱ्या. सही खोटी वाटली तर कागद देत नाहीत, मग काही मालक सही काढून टाकून बिनसहीचं म्हणून पुन्हा पाठवतात. याच संस्थेचे जुन्या पद्धतीचे हिरवे कागद दिसले तर मी तरी नवीन तपासणी मागतो.

डोळा तयार करायला र्‍योगोकुचं तलवार संग्रहालय आणि उएनोचं नॅशनल म्युझियम. नॅशनल म्युझियममध्ये अत्सु तोशिरो नावाचा तांतो मांडलेला असेल तर काचेसमोर खाली वाकून वेगवेगळ्या कोनातून बघा, आवातागुची योशिमित्सुचं काम आहे ते, तांतोचा सर्वात नावाजलेला लोहार.

जपानात विकत घेतलात तर मालक बदलल्याची नोंद 20 दिवसांत करायची असते. भारतात न्यायचा असेल तर आधी सांस्कृतिक खात्याची निर्यात परवानगी काढावी लागते. आणि आपल्याकडच्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब पातं शस्त्र म्हणून धरलं जातं, साडेआठ सुनचा तांतो त्याच्या पुढेच जातो, त्यामुळे पैसे देण्याआधी कस्टम्सकडे लेखी चौकशी करून घ्या.