लॉबीच्या उंच काचा आतून कशा पुसायच्या

बाहेरच्या काचांना झुला लागतो, दोरावरची पोरं येतात, त्याचं कॉन्ट्रॅक्टच वेगळं असतं. पण आतून? डबल हाइट लॉबी, जिन्यावरची लांबलचक काच, मॉलचा मधला उंच भाग, हे सगळं रोजच्या हाउसकीपिंगच्या गळ्यात पडतं आणि मग टेबलावर स्टूल, स्टुलावर पोरगं असले प्रकार चालू होतात. हे आधी बंद करा, काच चार दिवस मळकी राहिली तरी चालेल.

माझं साधं मत आहे, जमिनीवर उभं राहून होतंय तोवर कोणालाच वर चढवायचं नाही. म्हणून आधी लेझर मीटरने उंची मोजा. साधारण 6 मीटरपर्यंतचं काम टेलिस्कोपिक पोलने आरामात होतं, त्याच्याही वर पोल जातो पण वाकायला लागतो, मान दुखते आणि पॅडवर दाब बसत नाही. ॲल्युमिनियमचा स्वस्त पडतो, पण रोजचं काम असेल तर कार्बन फायबरचा घ्या, हलका असतो, दिवसभर हात वर करून काम करणाऱ्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

पोलला वायपर लावायचा मोह होतो, पण आत नको. पाणी खाली येतं, भिंतीवर ओघळ, सोफ्यावर थेंब, लाकडी पॅनलिंग असेल तर फुगतं. आतल्या कामाला सपाट मायक्रोफायबर पॅड बेस्ट. पॅड ओला करून इतका घट्ट पिळा की दाबला तरी थेंब पडता कामा नये. आधी कोरड्या डस्टरने फ्रेमवरची धूळ आणि जळमटं काढा, नाहीतर तीच धूळ ओली होऊन चिखल होतो आणि कोपऱ्यात जाऊन बसते. मग वरची कड आडवी पुसा, दोन्ही बाजूच्या कडा उभ्या, आणि मधला भाग वरून खाली नागमोडी, पॅड काचेवरून न उचलता. एक पट्टा झाला की पुढचा त्यावर चार बोटं चढवून घ्या. पॅड काळा पडला की बदला, मळक्या पॅडने पुसून पुसून काच धुरकट होते आणि मग लोक लिक्विडला दोष देतात.

आता पाणी, कारण निम्मे डाग पाण्याचेच असतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वाळलं की क्षार मागे राहतात, उन्हात पांढरे ठिपके दिसतात. आरओ-डीआय केलेलं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी कॅनमध्ये भरून ठेवा आणि छोट्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आकडा 10 च्या खाली आहे ना बघा. असं पाणी असेल तर रोजच्या धुळीला साबण लागतच नाही. तेलकट हातांचे ठसे खालच्या भागातच असतात, तिथे ग्लास क्लीनर वापरा. काचेला आतून सन कंट्रोल फिल्म असेल तर अमोनियावालं लिक्विड आणि ब्लेड दोन्ही बंद, फिल्म खराब झाली की अख्खी बदलावी लागते. टफन्ड ग्लासवर पण ब्लेड टाळा, ओरखडे उठतात.

शिडी लागलीच तर घोडा, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी घडीची शिडी, चारही पायांवर नीट उघडून लावा. टेकवायची शिडी असेल तर 4 ला 1 चा हिशोब, म्हणजे 12 फुटांवर टेकणार असेल तर पाया भिंतीपासून 3 फूट लांब, आणि ती काचेवर टेकवायची नाही, कधीच नाही. खाली एक माणूस शिडी धरून. जवळ वायरिंग उघडं असेल तर ॲल्युमिनियम नको, फायबरग्लासची शिडी आणा.

त्याच्याही वर असेल तर सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या पायांवर वर जाणारा प्लॅटफॉर्म, भाड्याने मिळते. 19 फुटी म्हणतात ती प्लॅटफॉर्मची उंची, हात त्याच्या वर साधारण 2 मीटर पोचतो. पण या मशिनचं वजन दीड टनाच्या आसपास असतं आणि लॉबीखाली बऱ्याचदा बेसमेंट पार्किंग असतं, म्हणून स्लॅबला आणि ग्रॅनाइटला ते झेपेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, टायर नॉन मार्किंग, म्हणजे फरशीवर डाग न सोडणारे मागा. उंच लॉबीत कधीकधी बीम डिटेक्टर (आडवा किरण सोडून धूर ओळखणारा) असतो, लिफ्ट त्याच्या आड आली की फायर अलार्म वाजू शकतो, तेव्हा सकाळी काम चालू करायच्या आधी पॅनल रूमला कळवून तो बंद करून घ्या आणि काम संपल्यावर सिस्टीम परत चालू झालीय ना हे स्वतः जाऊन बघा.

वेळ पहाटेची धरा. ऊन पडून काच तापली की पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि पट्टे राहतात. झाल्यावर लांबून, तिरकं उभं राहून बघा, समोरून पट्टे दिसत नाहीत.

आणि पॅड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, तंतूंवर थर बसतो आणि पॅड पाणी ओढायचं बंद करतं. फरशीच्या फडक्यांबरोबर तर मुळीच धुवायचे नाहीत.