कंबरदुखीसाठी व्हीआर हेडसेट कसा वापरायचा, आणि काढल्यावर काय करायचं नाही

माझी कंबर सहा वर्षं दुखतेय. एमआरआयमध्ये मणक्यातली गादी थोडी सरकलेली दिसली, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, एवढं सांगून डॉक्टरांनी फाइल परत दिली आणि मी रोज ठाण्याहून ऐरोलीला ऑफिसला जात राहिले, बेल्ट लावून, बाम चोळून, लोकलमध्ये कुणी जागा देईल का बघत. व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा, आत आभासी जग दाखवणारा डबा, वापरायला लागून अडीच वर्षं झाली. आधी स्वतःसाठी, मग सासूबाईंच्या गुडघ्यासाठी, आणि बिल्डिंगमधल्या दोन काकूंनाही बसवून दिला. "डोळ्याला लावा, समुद्र बघा, दुखणं गायब" असं सांगणारे व्हिडिओ बघून ज्यांनी पैसे घालवले आणि आठ दिवसांत तो डबा कपाटात टाकला, अशी माणसं मी बघितलीत, म्हणून हे लिहितेय.

दुखण्यासाठी व्हीआर ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत सिॲटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी १९९६ च्या सुमारास भाजलेल्या पेशंटवर हे सुरू केलं. जखमेचं ड्रेसिंग बदलताना पेशंट बर्फाच्या दरीतून जायचा, स्नोमॅनवर बर्फाचे गोळे मारायचा, आणि मेंदू तिकडे गुंतला की वेदनेकडे कमी लक्ष जायचं. पण ते ड्रेसिंगपुरतं होतं. आपलं दुखणं तीन महिन्यांहून जुनं, म्हणजे ज्याला क्रॉनिक म्हणतात ते, आणि त्यात बऱ्याचदा मूळ इजा जुनी झालेली असते पण नसा धोक्याची घंटा वाजवतच राहतात. वीस मिनिटं लक्ष दुसरीकडे नेलं तर वीस मिनिटं बरं वाटेल, पुढे काय?

म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिकडची सरकारी संस्था) जुन्या कंबरदुखीसाठी जो व्हीआर प्रोग्रॅम मंजूर केला त्यात नुसती दृश्यं नाहीत, श्वास कसा घ्यायचा, दुखणं म्हणजे काय, हालचालीची भीती कशी कमी करायची हे शिकवतात. आठ आठवडे, एकूण ५६ सेशन्स, एकेक २ ते १६ मिनिटांचं. १७९ लोकांवर चाचणी झाली. प्रोग्रॅम करणाऱ्यांपैकी ६६ टक्के लोकांचं दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. दुसऱ्या गटालाही हेडसेटच दिला होता, पण त्यात निसर्गाचे साधे सपाट व्हिडिओ होते, तिथे हा आकडा ४१ टक्के. म्हणजे नुसतं बघूनही काहींना बरं वाटतं, पण शिकून जास्त. तो प्रोग्रॅम तिकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो, आपण घरी जे करतो ते त्याच्याच धर्तीवर, साध्या हेडसेटवर.

स्टेप १. डॉक्टरांना विचारा

फिट येत असतील, चक्कर-व्हर्टिगो असेल, पेसमेकर असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. पायातली ताकद अचानक गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर व्हीआर-बिआर काही नाही, सरळ हॉस्पिटल, त्याच दिवशी. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, प्रीगाबॅलिनसारख्या नसांच्या दुखण्याच्या तर मुळीच नाही. त्या गोळीने गरगरतं, म्हणून ती घेतल्यावर लगेच सेशन करू नका.

स्टेप २. जागा

चाकं नसलेली, हात टेकायला असलेली खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, पाठीला उशी. पंखा चालू ठेवा, वारा लागला की मळमळ कमी होते. उभं राहून करायचं नाही, आपल्या फ्लॅटमध्ये हात वर केला की पंख्यालाच लागतो. हेडसेट बाल्कनीत किंवा खिडकीत ठेवू नका, लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात.

स्टेप ३. डोक्यावर नीट बसवणं

हेडसेट अर्धा किलोच्या आसपास असतो आणि सगळं वजन पुढे. मान आधीच आखडलेली असेल तर सोबत येणारा इलॅस्टिकचा पट्टा चालणार नाही, मागे घट्ट होणारा कडक स्ट्रॅप घ्या, बॅटरी मागे असलेला मिळाला तर आणखी चांगलं कारण वजन तोललं जातं. बाजूचे पट्टे आवळत बसू नका, वरच्या पट्ट्याने वजन उचलायला हवं. दोन बुबुळांमधलं अंतर सेट करा, चष्म्याच्या दुकानात मोजून देतात. सासूबाईंना पहिल्या दिवशी डोकं दुखलं ते एवढ्यामुळेच, माझ्या मापावर राहिलेलं होतं.

स्टेप ४. सेशन

पहिला आठवडा पाच मिनिटं. जिथे तुम्ही एका जागी बसलेले आहात असंच दृश्य निवडा. रोलर कोस्टर नको, ड्रोनने काढलेले ३६० डिग्री व्हिडिओ नको, कंट्रोलरची काडी ढकलून चालायचं तर अजिबात नको. डोळे सांगतात चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय, त्यातून मळमळ होते. पोटात जरा ढवळलं की लगेच काढा, सहन करून सवय होत नाही. बीट सेबर वगैरे तलवारी फिरवायचे खेळ कंबर-मानवाल्यांनी पहिले दोन महिने विसरा, कुणी कितीही व्यायाम होतो म्हटलं तरी. श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडायला जास्त वेळ, बस.

स्टेप ५. हेडसेट काढल्यानंतरचा अर्धा तास

इथे मी सात-आठ महिने चुकत होते आणि कुणी सांगितलं नाही.

व्हायचं असं की शनिवारी सकाळी सेशन केलं, दुखणं दहापैकी सहावरून तीनवर आलं, आणि तीनवर आलं म्हणजे मला वाटायचं आज देवाने दिवस दिलाय, काय काय राहिलंय ते उरकून घेऊ. दिवाळीच्या आधीचा असाच एक शनिवार होता, मी स्टूलवर चढून माळ्यावरचे पितळेचे डबे काढले, घासले, खालच्या खोलीची लादी पुसली, मग चकल्यांचं पीठ मळलं आणि उभ्याने सोऱ्या दाबत बसले. संध्याकाळी सातला कंबर धरली. रविवार-सोमवार पडून, बाथरूमला जाताना भिंत धरून. दोन-तीनदा असं झाल्यावर मी ठरवूनच टाकलं की हेडसेटमुळेच दुखतं, आणि महिनाभर लावला नाही.

माझ्या फिजिओ मॅडमनी एकच प्रश्न विचारला, काढल्यानंतर काय करता? मी यादी सांगितली आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आलं.

सेशनने दुखणं कमी वाटतं, पण स्नायूंची ताकद पाच मिनिटांत वाढत नाही. काल दहा मिनिटं उभं राहायची तयारी असलेली कंबर आजही दहाच मिनिटांची आहे, फक्त ती ओरडत नाहीये. तेव्हा तुम्ही दीड तास उभ्या राहिलात तर ती संध्याकाळी ओरडणारच. चांगल्या दिवशी ढीगभर काम आणि मग दोन दिवस अंथरुण, या चक्रात नसा आणखी हळव्या होतात. आणि प्लीज, याच्या उलटही करू नका. काही जण काढला की लगेच आडवे होतात, शांत वाटतंय म्हणून. मिळालेला आराम हालचालीसाठी वापरायचा आहे, झोपून घालवलात तर फायदा अर्धाही मिळणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

मी आता काय करते ते सांगते. आधी तीन साध्या दिवशी घड्याळ लावून बघितलं की ओट्याशी उभं राहिल्यावर किती मिनिटांनी दुखणं वाढायला लागतं. माझं आलं १२, ९ आणि १५. सरासरी १२, त्यातून साधारण पाचवा हिस्सा कमी केला, राहिली दहा मिनिटं. हा माझा आकडा. सेशनच्या आधीच, डोकं ठिकाणावर असताना, एक काम ठरवायचं, फक्त एक, आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर तयार ठेवायचा. हेडसेट काढला की पाच मिनिटं खुर्चीतच, पाय लादीवर टेकवून, पाणी प्यायचं, लांबचं काहीतरी बघायचं (आमच्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात). मग उठून ते एक काम, भाजी चिरणं म्हणा, कपडे वाळत घालणं म्हणा. टायमर वाजला की थांबायचं. तीन टॉवेल उरले असतील तरी थांबायचं. तुम्हाला मस्त वाटत असेल तर नक्की थांबायचं, कारण नेमकं तेव्हाच आपण फसतो.

आणि वाईट दिवशीही ते दहा मिनिटांचं काम करायचं, दुखतंय म्हणून शून्य नाही, जमलं नाही तर पाच करा. दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. मला दहावरून पंचवीसवर यायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत मी एकदाही दोन दिवस पडून राहिले नाही, जे आधीच्या चार वर्षांत कधी झालं नव्हतं.

घरच्यांना सांगून ठेवा. माझ्याकडे सेशन झालं की नवरा म्हणायचा, आता बरी दिसतेस, चल गोखले रोडला खरेदीला जाऊन येऊ. त्याचा हेतू चांगलाच, पण त्यालाच आता टायमर सांभाळायला दिलाय. सेशननंतर अर्धा तास स्कूटर चालवायची नाही, तोल आणि अंतराचा अंदाज थोडा गेलेला असतो.

स्टेप ६. वही

तारीख, सेशनआधी दुखण्याचा दहापैकी आकडा, नंतरचा आकडा, काम किती मिनिटं, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, सेशननंतरच्या आकड्याने खुश होऊ नका.

स्टेप ७. हेडसेटशिवाय

दोन महिन्यांनी एक दिवसाआड हेडसेट न लावता तोच श्वास, तीच खुर्ची, डोळे मिटून करून बघा. मला सुरुवातीला अजिबात जमलं नाही, डोळ्यांसमोर काहीच यायचं नाही. मग मी लोकलमध्ये करायला लागले. ठाण्याहून गाडी सुटली की सुरू करते, चार आत, सहा बाहेर, उभ्यानेच, एका हाताने वरची कडी धरून, आणि दिघा गाव स्टेशन मागे पडून ऐरोली येतं तेव्हा बहुतेक दिवशी कंबर सहावरून चारवर आलेली असते.